पुटिंग

फळ्यावर खडूनं रोज तेच असे :
सुरमई, कोलंबी, डाळगोश्त,
आणि सगळ्यात खाली, वेगळी रेघ मारून,
पुटिंग.

एकदा मी उठून 'ट'चा 'ड' केला.
कासम मुकादमांनी गल्ल्यावरून पाहिलं,
ओलं फडकं घेऊन आले, 'ड' पुसला, 'ट' परत काढला.
"बोटीवर पुटिंगच बोलतात, बाय."
बावीस वर्षं भंडारी होते ते मालवाहू बोटींवर.
मोंबासा, एडन, बसरा,
आणि मग बॅलार्ड इस्टेटच्या मागच्या गल्लीत,
तीन पायऱ्या उतरून, 'हॉटेल सुकाणू'.

आम्ही चौघी समोरच्या क्लिअरिंग एजंटकडे.
दिवसभर टाइप करायचं
ग्लिसरीनची पिंपं, शिलाई यंत्रांचे खोके,
कुणाकुणाच्या नावानं आलेलं काय काय.
आमच्या नावानं महिन्यातून एकदा, एक तारखेला,
फॅमिली रूमच्या पडद्याआड
एक प्लेट यायची.
एकच. चमचे चार.

टेबलाला गुडघा लागला तरी थरथरायचं ते.
वर जळकी साखर, कडूच्या जरा अलीकडे थांबलेली,
आत नारळाचं दूध, जायफळ,
आणि अगदी शेवटी, घास गिळल्यावर, काहीतरी खारट.
कुंदा तळपदे म्हणायची, मीठ.
फिलोमिना म्हणायची, मुकादमांचा घाम.
आम्ही तिला चापट्या मारल्या
आणि खात राहिलो.

हेमलता ऑफिसातली लाकडी पट्टी आणायची पर्समधून,
कार्बन लागू नये म्हणून रुमालात गुंडाळून.
पुटिंग सहा इंच. दीड-दीड इंचावर खूण.
कापेल तिनं शेवटी उचलायचं, असा कायदा.

एका एक तारखेला कुंदानं एकाला आणलं.
पोर्ट ट्रस्टमधला. मिशी नवी, बूट उसने वाटावेत असे.
सहा इंच पाचांत नीट बसत नाहीत.
हेमलता पट्टी हवेत धरून बसली,
पंखा फिरत होता,
शेवटी तोच म्हणाला, मला गोड फारसं चालत नाही.
आम्ही तिघींनी तिथल्या तिथं ठरवलं,
हा माणूस काही खरा नाही.

पुढच्या महिन्यात तो आला नाही.
मी माझा तुकडा कुंदाकडे सरकवला.
तिनं दोन्ही खाल्ले, एक शब्द न बोलता,
मग पट्टी उचलली आणि तीही चाटली,
शून्यापासून सहापर्यंत.

हॉटेल विकायला काढलं तेव्हा मी कृती मागितली.
मुकादमांनी बिलाच्या पाठीवर लिहून दिली :
अंडी ऐंशी. नारळ वीस. जायफळ पाच.
साखर सहा किलो, पैकी दोन जाळायला.
माणसं चाळीस.
त्याहून कमी माणसांचं त्यांना येतच नव्हतं.

मी हिशेबातली बाई. दहानं भागलं.
आठ अंडी, दोन नारळ, अर्धं जायफळ.
सगळं सुटसुटीत आलं, पैसा मागे उरला नाही.
मीठ कुठंच नव्हतं.
वसईला फिलोमिनाला फोन लावला.
तिकडून आधी नुसतं हसू, मग खोकला, मग
"बोललेली मी. चापट्या परत दे आता."

कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती,
ती कशानंच भागली जात नाही :
दर्या उसळलेला असेल तर डबा अर्धाच भरावा.

मुलुंडला, सातव्या मजल्यावर,
डबा मी अर्धाच भरते.
निवला की ताटलीत उपडा करते,
घरात कोणी बघत नाहीसं पाहून
टेबलाला गुडघा लावते,
हळूच,
आणि वाट बघते.